नळासमोरची जागा

दफनभूमीत त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. नाव कामावरच्या जोडीदाराने ठेवलं होतं. खड्डा खणताना त्याने कधी टेप लावली नाही की दोरी ताणली नाही. जागेवर उभा राहायचा, एक डोळा बारीक करायचा, फावड्याच्या टोकाने चार कोपरे खुणावायचा आणि सुरू. पेटी खाली उतरली की दोन्ही अंगांना तळहात जाईल एवढीच फट उरायची.

"याने बायकोसुद्धा डोळ्यांनीच मापून आणली असणार," जोडीदार म्हणायचा.

"आणि तुझी बिचारी तू गप्प बसायची वाट बघून बहिरी झाली," फूटपट्टी म्हणायचा. जोडीदाराचं तोंड सकाळी फाटक उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालायचं. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. दोघं ऐन विशीत तिथे कामाला लागले आणि तिथेच म्हातारे झाले.

बाहेरच्यांना वाटतं, माणूस पुरला की झालं, तो आता तिथेच. तसं नसतं. भिंतीच्या आतली जमीन वाढत नाही आणि माणसं मरायची थांबत नाहीत. म्हणून प्रत्येक जागेला मुदत असते. मुदत संपली की घरच्या कुणीतरी यायचं, ऑफिसात सही करायची, जागा पुढे चालू. कुणी आलं नाही तर थडग्याला पिवळी चिठ्ठी बांधतात. ती उन्हापावसात हळूहळू पांढरी होते. मग फूटपट्टी फावडं घेऊन जायचा.

कोरी जमीन त्याच्या वाट्याला फार थोडी आली. बहुतेक खड्ड्यांत आधीचं कुणीतरी असायचंच. नवा माणूस त्याच घरातला असला तर जुनी हाडं वेचायची, पांढऱ्या कापडात बांधायची, खड्डा हातभर आणखी खोल करायचा, गाठोडं तळाला ठेवायचं. त्यावर मातीचा थर, आणि थरावर नवी पेटी. बाप खाली, मुलगा वर. सासू खाली, सून वर.

"जिवंतपणी उलटं होतं," रेडिओ म्हणायचा.

ज्याचं कुणीच आलं नाही त्याचं गाठोडं विहिरीत जायचं. मागच्या भिंतीलगत ती बांधीव विहीर होती. तिला पाणी कधी लागलंच नव्हतं. वर लोखंडी झाकण. झाकण सरकवायचं, गाठोडं दोरीने सोडायचं, दोरी ओढून घ्यायची. खाली कापडं कुजायची आणि सगळे एकमेकांत मिसळून जायचे.

हाडाला लोखंड लावायचं नाही, हा फूटपट्टीचा नियम. हाड जवळ आलं असं वाटलं की तो फावडं बाहेर ठेवायचा आणि गुडघ्यांवर बसून हाताने उकरायचा. विहिरीत जाणाऱ्यालाही तसंच. रेडिओ म्हणायचा, अरे, त्याचं बघायला कोण येणार आहे? फूटपट्टी म्हणायचा, मी बघतोय ना.

लहान मुलांचं वेगळं होतं. मोठ्या माणसाचं काहीतरी उरतंच. मांडीचं हाड, जबडा, कवटीचा तुकडा. बाळाचं हाड अजून पुरतं हाड झालेलंच नसतं. तिथली माती ओलसर, चिकट. काही वर्षांत ती सगळं आपल्यात घेते. बाळांच्या ओळीतली जागा उघडली की बहुतेक वेळा फक्त मातीचा रंग बदललेला दिसायचा. जरा काळपट. ती माती तो दोन ओंजळी उचलायचा आणि कापडात बांधायचा.

कधी कधी आईबाप आलेले असायचे. ते लांब, वाटेवर थांबायचे. जवळ यायचा धीर नसायचा. तो हात झटकत आला की प्रश्न ठरलेला. "काही होतं का?"

"होतं," तो म्हणायचा. "सगळं होतं. नीट ठेवलंय."

रेडिओने एकदा विचारलं, "खोटं बोलताना जीभ नाही का रे अडखळत तुझी?"

"पेटीला झाकण का लावतात?" फूटपट्टी म्हणाला. "तेवढंच आहे ते."

त्याची स्वतःची पहिली मुलगी त्याच ओळीत होती.

ती जन्मली, थोडे आठवडे राहिली आणि गेली. खड्डा त्यानेच खणला. ऑफिसातले साहेब नको म्हणाले, रेडिओ तर फावडं धरून बसला. "दुसऱ्याच्या हातचा मला चालायचा नाही," फूटपट्टी म्हणाला. घरी बायकांनी बाळाला अंघोळ घातली, कपडे घातले. तो पेटी न्यायला गेला तेव्हा झाकण लागलेलं होतं. उघडा, एकदा बघू द्या, असं म्हणायचं त्याला सुचलं नाही.

जागा त्याने निवडून घेतली होती. बाळांच्या ओळीसमोर, वाटेच्या अलीकडे, पाण्याचा नळ होता. नळाखाली बादली ठेवायला ओटा. त्या ओट्याच्या बरोबर समोर, अगदी नाकासमोर, ती. बायको ओट्यावर बसली की लेक पुढ्यात.

"एक लहानसा दगड लावू या," बायको म्हणाली.

"दगड कशाला?"

"कशाला म्हणजे? सगळ्यांचा असतो."

"सगळ्यांचा असतो आणि सगळ्यांचा मीच उपटतो. उपटलेल्या दगडांचं काय होतं ते बघितलंस ना? गटाराच्या कडेला लावलेत. पालथे. माझ्या पोरीचं नाव मी चिखलात पालथं घालणार नाही."

"आपण मुदत वाढवत राहू की. कोण उपटतंय?"

"अगं, दगड कुणाला लागतो? जो विसरतो त्याला. मी रोज तिथे आहे. डोळे बांधून सोडलंस तरी तिच्यापाशी जाऊन उभा राहीन."

"मग एखादं फुलझाड तरी."

"मुळं खाली जातात," तो म्हणाला.

मुळं खाली जाऊन काय करतात, हे तिने विचारलं नाही.

तिने पुढे दोन-तीनदा विषय काढला. एकदा चिडून म्हणाली, "तुम्हाला तुमच्या नजरेचा फार गर्व आहे." तो हसला. मग मुलगा झाला, घर त्याच्या रडण्याहसण्याने भरलं, आणि दगड राहून गेला. पण सुट्टीच्या दिवशी ती यायची. नळावर हात धुवायची, ओट्यावर बसायची, विणकाम काढायची. समोर नुसतं गवत. मधूनच सुया थांबवून त्या गवताकडे बघायची आणि पुन्हा विणायला लागायची.

बाळांच्या ओळीला ऑफिसात वेगळे नंबर नव्हते. कुठली जागा केव्हाची, कुठली उघडायला हरकत नाही, हे फूटपट्टीच्या डोक्यात. ओट्यासमोरच्या जागेला त्याने कुणाला फावडं लावू दिलं नाही.

मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमाराला, एका पावसाळ्यात, खड्ड्याची कड ढासळली आणि फूटपट्टीचा पाय मोडला. तो बरेच महिने घरी पडून होता. बायको त्याच्या उठबशीत अडकली. दोघांपैकी कुणीच तिकडे फिरकलं नाही. तो कामावर परतला तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्याने आधी बाळांची ओळ साफ केली. ओट्यापाशी गेला, पाठ नळाला टेकवली, समोर बघितलं आणि म्हणाला, "आलो गं."

मग वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. "बाप खाली सोडतो, पोरगा वर नेतो," रेडिओ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. बायकोचे केस पांढरे झाले. ओट्यावर बसताना ती आता हाताने आधार घ्यायची.

आणि मग तिचं हृदय थकलं. पायांना सूज आली, स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत येताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. मुलाने बापाला सांगितलं नाही. बापाला ते मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्याच दिवसांत फाटकावर कागद लागला. बाळांची सगळी ओळ काढून तिथे मोठ्यांच्या जागा करायच्या होत्या. ज्यांना आपलं मूल घरच्या दुसऱ्या जागेत ठेवायचं असेल त्यांनी यावं. बाकीची विहिरीत.

त्याने घरी सांगितलं. सांगायला तो दोन दिवस घाबरत होता. बायको उशीला टेकून बसली होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बरंच झालं."

"बरं काय त्यात?"

"वेळेवर झालं. तिला काढा आणि एका डबीत जपून ठेवा. मला न्याल तेव्हा माझ्या कुशीत द्या."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"काहीतरीच काय? जन्मभर लोकांची पोरं लोकांच्या आयांजवळ ठेवलीत. एकदा माझी ठेवा."

त्याने पांघरूण उगाचच नीट केलं.

"दुसरं काही मागत नाही मी," ती म्हणाली. "तेवढ्या आठवड्यांत पोटभर जवळही घेता आलं नव्हतं. आणि हे बघा, बटणं असतील. पितळी. माझ्या वडिलांच्या बोटीवरच्या कोटाची. मी स्वेटरला लावली होती. नांगर आहे प्रत्येकावर. त्यावरून ओळखाल."

फूटपट्टीचा हात पांघरुणावर तसाच राहिला.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत, काय घातलं होतं तिला म्हणून?"

नांगराची बटणं त्याने पाहिली होती. कधी ते नेमकं आठवेना. पाय बरा झाल्यानंतरच. बाळांच्या ओळीत एक जागा लागणार होती, म्हणून त्याने ओट्यासमोरच्या जागेच्या उजवीकडची उघडली होती. तिथे कधी कुणी आलेलं त्याने पाहिलं नव्हतं. काळपट मातीत हिरवी पडलेली बटणं निघाली. एक त्याने अंगठ्याने घासलं. जहाजाचा नांगर. कुणी खलाशाचं पोर दिसतंय, असं त्याच्या मनात आलं. बिचारं, बाप समुद्रावर असेल, येणार कोण? मातीसकट कापडात बांधून त्याने ते विहिरीत सोडलं होतं.

पण ती शेजारची जागा. आपली नव्हे. नांगराची बटणं काय जगात एकाच कोटाला असतात? त्याने तोंड धुतलं, चहा घेतला आणि स्वतःची समजूत घालत कामावर गेला.

सकाळचं ऊन कोवळं होतं. त्याने ओट्याकडे पाठ करून डोळा बारीक केला, चार कोपरे खुणावले. वरची माती फावड्याने काढली. मग फावडं ठेवून गुडघ्यांवर बसला. हाताने उकरत गेला. काळपट माती लागली. "झालं हं," तो म्हणाला. "झालं, झालं. आईकडे जायचं."

मग बोटांना गुळगुळीत काहीतरी लागलं. त्याने ते अलगद सोडवलं. काचेची दुधाची बाटली होती. लहानशी. तोंडाशी रबराचा चिकट काळा गोल राहिला होता.

त्याच्या मुलीने बाटली कधी तोंडात धरलीच नव्हती.

त्याने बाटली कडेला ठेवली आणि माती चिमटीचिमटीने चाळली. बटण नव्हतं. एकही नव्हतं.

रेडिओ झाडलोट करत तिकडे आला. "सापडलं का रे?"

"ही बाटली कुणाची?"

"मला काय विचारतोस? बाळांचा सगळा हिशोब तुझ्या टाळक्यात."

"ही माझी जागा आहे. आमची बाटली नव्हती."

रेडिओने खड्ड्याकडे बघितलं. मग वळून नळाकडे. पुन्हा खड्ड्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायला वेळ लागला.

"ओट्यावरून धरलीस का जागा?"

"मग कशावरून धरणार?"

"अरे, पण ओटा फोडला होता ना. तू पाय मोडून घरी होतास तेव्हा. पाइप कुजला होता. प्लंबरने नवा टाकला तो जरा डावीकडून आणला, जुन्या जागी मुळं फार म्हणून. मग ओटाही डावीकडे बांधला. वर जुनीच फरशी बसवली."

"जरा म्हणजे किती?"

रेडिओने हात पसरले. मग ते थोडे जवळ आणले. दोन हातांमध्ये एका बाळाची जागा राहिली.

फूटपट्टी त्या हातांकडे बघत राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"नळ सरकला हे काय सांगायचं असतं? दिवसभर बडबडतो, त्यात बोललोही असेन. तू माझं ऐकतोस कधी?" आणि मग, हळू आवाजात, "मला काय माहीत, तू नळावरून धरतोस म्हणून. मला वाटायचं, तुला आपोआप कळतं."

सगळ्यांना तसंच वाटायचं. त्याला स्वतःलाही.

उजवीकडची जागा आता दुसऱ्याच बाळाची होती. त्यानेच ते तिथे ठेवलं होतं. तिकडे त्याने हात लावला नाही. तो उठला आणि मागच्या भिंतीकडे चालत गेला. रेडिओ मागोमाग. दोघांनी झाकण सरकवलं. ऊन आत थोडंसंच गेलं. खाली पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्याखाली आणखी पांढरं.

"दोरी लावून उतरतो मी," रेडिओ म्हणाला.

"आणि काय करणार?"

"बटणं शोधतो."

"त्या बटणांवर आता किती माणसं आहेत ते बघ," फूटपट्टी म्हणाला.

रेडिओने बघितलं. मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि झाकणाला हात घातला. "राहू दे जरा," फूटपट्टी म्हणाला. तो कठड्यापाशी बसून राहिला. दगड, झाड, काठी, काहीही चाललं असतं. बायकोने मागितलं होतं ते एवढंसं. त्याने आपल्या नजरेच्या गमजा मारल्या. जो येतो त्याला तो नीट ठेवायचा, आणि आपली आली तेव्हा त्याने तिला खलाशाची समजून दोरीने खाली सोडली. हळूच सोडली होती का? तेही आठवेना.

दुपारी तो खड्ड्याशी परत गेला. काळपट माती दोन ओंजळी उचलली, पांढऱ्या कापडात बांधली आणि मुलाने आणलेल्या लाकडी डबीत ठेवली. बाटली त्याने नळावर धुतली. धुतल्यावर तिचं काय करायचं ते कळेना. हत्यारांच्या खोलीत खिळ्यांच्या डब्यामागे ठेवून दिली.

घरी जाताना त्याने ठरवलं होतं की सांगायचं. जिना चढतानाही ठरलेलंच होतं.

बायको जागी होती. त्याच्या हातातली डबी बघून तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने ती दिली. तिने उघडली नाही. तळव्यांत धरून जरा वर-खाली केली, वजन बघितल्यासारखी.

"काही होतं का?" तिने विचारलं.

हजार वेळा ऐकलेला प्रश्न. तोंडाने उत्तर आपणहून दिलं.

"होतं. नीट ठेवलंय."

"आणि बटणं?"

"बटणं... मातीने खाल्ली."

"पितळ खाते माती?"

"इथली खाते. फार ओली आहे."

"तुम्हाला माहीत," ती म्हणाली. मग डबीवर हात ठेवून उशीला टेकली. "अगं, ऐक," तो म्हणाला.

"थांबा, आधी मला बोलू द्या. मी तुमच्यावर इतकी वर्षं मनातून रागावले होते. त्या दगडावरून. म्हणायचे, हा कसला बाप. पोरीच्या नावाचा एक दगड लावू देत नाही. कधी कधी तर त्या ओट्यावर बसून वाटायचं, समोर कोण आहे कुणास ठाऊक. माफ करा हं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. दगडावाचून सापडली तुम्हाला." ती हसली. धाप लागली म्हणून थांबली. "तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही. गोळी घेतलीस का?"

नंतरच्या दिवसांत त्याने अनेकदा सुरुवात केली. ती डबी उशाशी घेऊन झोपायची. मुलाला म्हणाली, ये, तुझ्या ताईला भेट. मुलगा मोठा माणूस, अंगावर ग्रीसचे डाग, त्याने ओशाळत डबीला हात लावला. असं काही बघितलं की फूटपट्टीचं वाक्य घशातच राहायचं. शेजारीण बघायला आली तेव्हा बायकोने त्याच्या नजरेचं कौतुक सांगितलं. तो चहा करायला आत गेला आणि चहा होऊन गेला तरी आतच उभा राहिला.

आठवड्याच्या शेवटी, उजाडता उजाडता, ती गेली. मुलगा आईचा हात धरून बसला होता. फूटपट्टी पायांशी होता.

तिचा खड्डा त्याने खणला नाही. "तू खण," तो रेडिओला म्हणाला. "टेप लावून खण."

रेडिओने टेप लावली. दोनदा लावली. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. झाकण लावायच्या आधी फूटपट्टीने डबी तिच्या डाव्या कुशीत ठेवली आणि तिचा हात त्यावर घेतला. तो हात जड झाला होता.

दगड मुलाने लावला. आईचं नाव, आणि खाली ताईचं. पाथरवटाने विचारलं, दोन्ही नावं नक्की का? मुलाने बापाकडे बघितलं. फूटपट्टी म्हणाला, "तुला योग्य वाटतं ते कर," आणि चप्पल शोधायला लागला.

वर्षभराने फूटपट्टी निवृत्त झाला. निरोपाला हार नको म्हणाला. बाळांची ओळ तोवर नाहीशी झाली होती. नळही काढला होता. एका सुट्टीला मुलगा भाजी आणि औषधं घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं चहा घेत बसले. मुलाने हात पुसले आणि जरा खाकरून म्हणाला, "ऑफिसात जाऊन आलो बाबा. आईच्या जागेत तुमचंही नाव लावलंय. रेडिओकाका म्हणाले, वर कोण आणि खाली कोण यावरून तुम्ही भांडू नका."

फूटपट्टीने कप खाली ठेवला. "मला तिथे नको."

"म्हणजे?"

"मला वेगळी जागा बघ. कुठलीही. आणि मुदत संपली की येऊ नकोस."

"कुठे येऊ नको?"

"सही करायला. चिठ्ठी लागली तर लागू दे."

मुलगा हसला. मग बापाचा चेहरा बघून थांबला. "बाबा, कुणी आलं नाही तर विहिरीत टाकतात."

"मला सांगतोस?"

"तुम्हाला विहिरीत जायचंय?"

"सरळ जाता येत नाही. नाही तर तसंच सांगितलं असतं. नियमाने आधी जागेत राहावं लागतं. मुदत भरावी लागते."

मुलाने कप सरकवला. त्याचे कान लाल झाले होते. "आईजवळ नको? तिने काय वाईट केलं तुमचं? जन्मभर तिला एक दगड लावू दिला नाहीत. आता तिच्याजवळ पडायचंही नाही तुम्हाला?"

एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य फूटपट्टीच्या जिभेवर आलं. मग त्याला तो दगड दिसला, खालचं नाव, ते नाव कोरून घेताना पाथरवटाशेजारी उकिडवा बसून अक्षरं तपासणारा मुलगा दिसला. कळलं तर तो काय करेल? आईची जागा उघडेल? खालचं नाव पुसेल? काहीच करणार नाही आणि नुसतं माहीत असलेलं घेऊन फिरेल? हे तिसरं फूटपट्टी रोज करत होता. ते दुसऱ्याला द्यावंसं वाटेना.

"तिच्याजवळ आहे कुणीतरी," तो म्हणाला. "तिकडे एकटं असेल."

"कोण? तिकडे तर हजार माणसं आहेत."

फूटपट्टीने टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटाने पुसला.

"लोक म्हणतील, पोराने बापाला टाकलं."

"म्हणू देत."

"मला नाही जमणार, बाबा."

"जमेल. न येणं सोपं असतं. मी जन्मभर बघत आलोय. बहुतेकांना जमतं."

मुलगा उठला. दोन्ही कप नळाखाली धरले, घासले, उपडे घातले. भाजी फ्रीजमध्ये ठेवली. औषधांच्या पट्ट्यांवर पेनने सकाळ, दुपार, रात्र असं लिहिलं आणि पट्ट्या ओळीने लावल्या. मग बापाकडे पाठ करूनच म्हणाला, "तुम्ही दमलात. पुन्हा कधीतरी बोलू."

फूटपट्टीने मान डोलावली. त्याने मुलाच्या रुंद पाठीकडे बघितलं. हा आईवर गेला होता. काही विसरायचा नाही. लिफ्टची तपासणी एक दिवस पुढे ढकलायचा नाही. हा येणार. मुदत संपायच्या आधीच येणार, आपल्या पोराबाळांना घेऊन येणार, ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून सही करणार. आणि फूटपट्टीला विहिरीबाहेर, वरच ठेवणार.